मोहाची पाच लिटर गुन्हा, हायवेची परमिट रूम कायदेशीर: या कायद्यामागे नेमका कुणाचा फायदा?

प्रश्न असा आहे: "मामाच्या घरी लग्नासाठी गाळलेली पाच लिटर मोहाची दारू सापडली, म्हणून त्याच्यावर दारूबंदीचा गुन्हा दाखल झाला. त्याच तालुक्यात हायवेला तीन परमिट रूम आहेत. आपल्या घरात काय प्यायचं हे ठरवायचा हक्क माणसाला नाही का? हा कायदा लोकांच्या भल्यासाठी आहे, की सरकारच्या आणि दारूवाल्यांच्या कमाईसाठी?"

पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा व्हायच्या कितीतरी आधीपासून मी इथल्या तालुका कोर्टात वकिली करतो. एकतीस वर्षं झाली. त्यातल्या निम्म्याहून जास्त केसेस दारूबंदीच्या, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येणार नाही. कायद्याचा हेतू दीडशे वर्षांत दोनतीनदा उलटसुलट झाला आहे. घरी गाळणाऱ्याची मान मात्र प्रत्येक वेळी त्याच फासात अडकली.

आधी मामांचं बोलू, कारण तारीख कुणासाठी थांबत नाही. कोर्टात हजर केल्यावर बाकड्यावरचा कुणीतरी कानात सांगेल, "कबूल करून टाका, दंड भरा, संध्याकाळच्या गाडीने घरी जा." आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. माणूस पन्नास-साठ किलोमीटरवरून येतो, दिवसाची मजुरी बुडते, पुढच्या तारखांचे हेलपाटे नको म्हणून मान डोलावतो. ती कबुली त्याच्या नावावर चिकटते. उद्या पुन्हा घरात बाटली सापडली की जुनी शिक्षा पुढे येते, चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागितला जातो, पुढे तडीपारीच्या प्रस्तावात तोच आकडा जोडला जातो. राज्यात १९८१चा एक कायदा आहे, ज्याला सगळे एमपीडीए म्हणतात. त्याच्या मराठी नावातच 'हातभट्टीवाले' हा शब्द आहे, झोपडपट्टी दादांच्या शेजारी. त्याखाली खटला न चालवता वर्षभर स्थानबद्ध ठेवता येतं. पाच लिटरवाल्या मामांवर तो लागणार नाही, पण पायरी कुठून सुरू होते ते कळावं म्हणून सांगितलं.

आता पंचनामा बघा. मी असे शेकडो वाचलेत आणि डोळे मिटून तोंडपाठ म्हणू शकतो. "मिळालेल्या गुप्त बातमीवरून छापा टाकला असता, सदर इसम हा विनापरवाना, बेकायदेशीररीत्या, स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता, उग्र वासाची गावठी हातभट्टीची दारू बाळगताना मिळून आला. त्यातून १८० मिलीच्या बाटलीत नमुना काढून, पंचांच्या सहीचं लेबल लावून, लाखेचं सील केलं. उरलेली दारू जागीच नष्ट केली." यात 'स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता' हे शब्द नीट बघा. लग्नात देवाला धार सोडायला, धवलेरीला (आदिवासी लग्न लावणाऱ्या बाईला) आणि वऱ्हाडाला द्यायला गाळलेली दारू असली तरी कागदावर ती 'आर्थिक फायद्याकरिता'च होते, कारण नमुन्यात तसं छापलेलं असतं. पंच बहुतेक वेळा तेच दोघे, याआधी दहा पंचनाम्यांवर सही केलेले. मुद्दा विक्रीचा आहे की फक्त बाळगण्याचा, सील कोर्टात पोचलं तेव्हा शाबूत होतं का, सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, त्याच बाटलीचा आहे का, या तीन गोष्टींवर अशा केसेस सुटतात किंवा फसतात. आरोपपत्राच्या नकला फुकट मिळतात, तो हक्क आहे. मामा अनुसूचित जमातीचे असतील तर उत्पन्न न बघता विधी सेवा समितीकडून वकील मिळतो, तोही हक्कच आहे.

एक नक्की सांगतो, म्हणजे खोटी आशा राहणार नाही. आपल्या राज्याच्या कायद्यात घरच्यापुरती गाळायची सूट नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरती मर्यादित मुभा आहे. केंद्रानेही १९७४च्या सुमारास आदिवासी भागांसाठी उत्पादन शुल्काचं धोरण सुचवलं, त्यात घरच्या वापराची दारू गुन्ह्यातून वगळावी असंच होतं. आपल्याकडे ते कायद्यात उतरलं नाही. का उतरलं नाही, त्याचं मूळ जुनं आहे.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा, म्हणजे दारूवरच्या शुल्काचा कायदा, आला. त्याआधीही दारूवर कर होता, मक्ते होते. पण या कायद्याने गाळण्याचा अधिकारच सरकारने हातात घेतला आणि मोठ्या मक्तेदारांना विकायला सुरुवात केली. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद, एका ठिकाणी मोठी भट्टी, तिथून मोजून शुल्क आणि मग दुकानात माल, अशी ती व्यवस्था. ताडीच्या झाडाला छेद द्यायचा तर झाडामागे कर. ठाणे-कुलाब्याला (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) माल मुख्यतः उरणच्या भट्ट्यांतून जायचा. तो मोहफुलांपासूनच गाळलेला असे आणि ती फुलं गुजरातेतून, पंचमहालाकडून येत.

अडचण अशी, की ठाण्याच्या जंगलात मोहाची झाडं गावकुसाला लागून उभी. फुलं फुकट, मडकं घरचं, लाकूड जंगलातलं. मक्तेदाराची महाग दारू कोण घेणार? मग १८९२ साली सरकारने मोहफुलांचाच कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत परवान्याशिवाय फूल गोळा करणं, बाळगणं, नेणं हा गुन्हा ठरला. दारू सोडा, फूल बाळगणं गुन्हा. पंचमहालाचं फूल उरणला जाऊन दारू झालं की ते महसूल, आणि डहाणूच्या अंगणात पडलेलं फूल वेचलं की तो गुन्हा.

मोह ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा झाडून किंवा जाळून जागा साफ करतात, आणि उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. ताजं फूल मेणासारखं पांढुरकं, जाड, रसाने भरलेलं असतं. अंगणात चारपाच दिवस वाळलं की मनुकेसारखं तांबूस, चिवट होतं. ते भाजून खातात, उकडून खातात, पावसाळ्यात घरात धान्य संपलं की त्यावर दिवस काढतात. गुरांनाही घालतात. बियांचं तेल निघतं. दारू हा त्याच्या अनेक उपयोगांपैकी एक. महसुलाचं एक गळकं भोक बुजवायला सरकारने लोकांच्या तोंडचं अन्नच परवान्याखाली घेतलं.

हा कायदा मेला असं समजू नका. स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरचे निर्बंध आले, १९५०चे मोहफूल नियम झाले. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका आजीची केस चालवली. घरात वाळलेल्या फुलांचं अर्धं पोतं सापडलं होतं. भट्टी नाही, मडकं नाही, दारूचा थेंब नाही. मी उलटतपासात विचारलं, फूल कशासाठी ठेवलं होतं याची चौकशी केली का? उत्तर आलं, "गरज वाटली नाही." आजी सुटली. मुद्देमाल परत द्यायचा हुकूम झाला तेव्हा मधे दोन पावसाळे गेले होते. मुद्देमाल खोलीतून पोतं काढलं तर आत किड्यांनी पीठ केलेलं काळं काहीतरी. तिने ते कोर्टाच्या मागच्या नाल्यात झटकलं आणि गोणपाट नीट घडी करून काखेत मारलं. मी फी घेतली नव्हती, तरी तिने जाताना कनवटीची दहाची नोट पुढे केली. ती परत देताना मला जी लाज वाटली, ती अजून जात नाही.

२०२१ साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध उठवायचा निर्णय घेतला. १८९२पासून मोजा, एकशे एकोणतीस वर्षं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळं पैशासाठीच. थांबा. मी तुमच्याशी इथे पूर्ण सहमत नाही, कारण याच कायद्याच्या पोटात दुसरी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या लोकांची आहे.

इंग्रजांची अबकारी वाढत असताना तिच्याविरुद्ध आपल्याकडूनच आवाज उठला. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लिहिलं. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पाठिंब्याने तरुण स्वयंसेवक दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवत होते. सरकारने कुणावर खटले भरले? त्या स्वयंसेवकांवर. आणि १९२२ साली आमच्या याच पट्ट्यात, पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून, देवीची चळवळ उठली. माणसांच्या अंगात देवी यायची आणि सांगायची, दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा. किनाऱ्यावरून ती डोंगरात शिरली, आदिवासी पाड्यांतून डहाणू, उंबरगाव करत पार सुरतेपर्यंत गेली. वर सांगणारा कुणी पुढारी नव्हता. लोकांनी आपणहून पिणं सोडलं आणि दुकानं ओस पडली. दुकानदार, जे बहुतेक सावकार आणि जमीनदारही होते, हवालदिल झाले आणि लोकांनी पुन्हा प्यावं म्हणून दबाव आणू लागले.

व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार करताना मला हे दोन प्रसंग फार महत्त्वाचे वाटतात. आपण नेहमी 'प्यायचं स्वातंत्र्य' एवढंच धरतो. न पिण्याचं, दुसऱ्याला 'पिऊ नको' म्हणायचं, आपल्या पाड्यात दुकान नको म्हणायचं स्वातंत्र्यही तितकंच खरं आहे, आणि महसुलावर डोळा असलेल्या सरकारला ते दुसरं स्वातंत्र्य जास्त खुपतं.

पुढे मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि त्याचे प्रमुख बाळासाहेब खेर यांच्या काळात, १ ऑगस्ट १९३९ रोजी, मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. अबकारी खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. अबकारीचं उत्पन्न सरकारने स्वतःच्या हाताने सोडलं आणि ती खोट भरायला शहरातल्या घर-इमारतींवर मालमत्ता कर बसवला. मालक कोर्टात गेले, आरडाओरडा झाला, तरी कर बसला. म्हणून 'सरकार दारूबंदी करतं ते पैशासाठी' हे वाक्य १९३९ला लावता येत नाही. तेव्हाच्या माणसांनी पैसा घालवून तत्त्व धरलं होतं. ते तत्त्व चुकीचं होतं असं कुणी म्हणू शकेल, पण त्यांच्या हेतूवर शंका घेऊ नये.

१९४९चा मुंबई दारूबंदी कायदा याच मालिकेतला. आज त्याच्या नावात 'महाराष्ट्र' आहे. १९५०च्या एप्रिलपासून पूर्ण दारूबंदी आली. लगेच एका नागरिकाने आव्हान दिलं आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्याचा निकाल दिला. दारूबंदी करायचा राज्याचा अधिकार मान्य झाला. पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं वापरण्यावरची बंदी रद्द झाली, दारूची नुसती भलामण करणं गुन्हा ठरवणारी तरतूदही रद्द झाली. प्रजासत्ताक एक वर्षाचं असताना कोर्टाने सांगितलं, की हेतू चांगला असला तरी माणसाच्या औषधाच्या बाटलीपर्यंत आणि जिभेपर्यंत सरकारचा हात जाणार नाही. निकाल जुना आहे, पण नव्या वकिलांना मी तो आवर्जून वाचायला सांगतो.

मग गाडी पुन्हा जुन्या रुळावर कशी आली? साठीच्या दशकापासून बंदी सैल होत गेली. कारण नुसता लोभ नव्हता. शहरांत हातभट्टीचं साम्राज्य उभं राहिलं होतं, पोलिसांचे हप्ते बांधले गेले होते, विषारी दारूने माणसं मरत होती. मोकळीक द्यायला ही खरी कारणं होती. पण मोकळीक कुणाला मिळाली? कायद्याची पाटी 'दारूबंदी' हीच राहिली आणि आत परवान्यांची खिडकी उघडली. १९७३मध्ये देशी दारूचे नियम आले. देशी दारू म्हणजे काय? साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेला मद्यार्क, पाणी घालून, बाटलीत भरून, शुल्क भरलेला. ऊस, कारखाना, मळी, आसवनी, बाटली, दुकान ही साखळी महाराष्ट्रात कुणाच्या हातात आहे हे मी सांगायला नको. मोह त्या साखळीत कुठेच बसत नाही. त्याला कारखाना लागत नाही, आणि तो गोळा करणाऱ्यांची मुंबईत ओळख नाही. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सरकारने प्रोत्साहनाचं अनुदान देऊ केलं, तेव्हाही लाभार्थ्यांत राजकीय घराण्यांशी नातं असलेले आहेत अशी टीका जाहीरपणे झाली.

तुम्ही 'परमिट रूम' हा शब्द वापरलात. त्याच शब्दात सगळा इतिहास आहे. कायद्याने राज्यात आजही बंदी आहे, म्हणून पिणाऱ्याकडे परमिट हवं. एका दिवसाचं परमिट विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन रुपये. वर्षाचं शंभर, आयुष्यभराचं हजार. बारमध्ये बसणाऱ्या किती जणांनी ते कधी हातात घेतलंय? कागदावर हिशेब जुळवला की झालं. म्हणजे शहरातल्या माणसाला त्याचं स्वातंत्र्य पाच रुपयांत परत मिळतं आणि त्याला ते हिरावलं होतं हे कळतही नाही. मामांना मात्र ते पाच रुपयांत, पाचशेत, पाच हजारांतही विकत मिळत नाही, कारण घरी गाळायचं परमिट कुठल्याच खिडकीवर नाही.

आता न्यायालयांची भूमिका. इथे माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी कोर्टातही मांडलंय. सर्वोच्च न्यायालयाने १९७५च्या हर शंकर खटल्यात आणि १९९५च्या खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात सांगितलं, की दारूचा धंदा करायचा मूलभूत हक्क कुणालाच नाही. दारू घातक आहे, म्हणून तो धंदा इतर धंद्यांसारखा नाही. मग परवान्याची फी कसली? तर दारूविषयीचा सगळा अधिकार राज्याचा, आणि राज्य त्यातला तुकडा मोबदला घेऊन दुसऱ्याला देतं, त्याची ती किंमत. मला यातली गाठ आजवर सुटली नाही. जी गोष्ट इतकी घातक की नागरिकाला तिचा हक्क असू शकत नाही, तिचाच हक्क सरकार बोली लावून विकू शकतं. घटनेचं कलम ४७ सांगतं, आरोग्याला अपायकारक मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा. त्या कलमाच्या आधाराने माणसाचा हक्क काढून घेतला जातो आणि तिजोरीचा धंदा मात्र त्याच कलमाला बाधत नाही.

आणि ही तिजोरी लहान नाही. जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू घटनादुरुस्तीनेच त्याच्या बाहेर ठेवली गेली, कारण राज्यांच्या हातात स्वतः दर ठरवता येईल अशा करांच्या फार थोड्या जागा उरल्या होत्या. जून २०२५मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरचं शुल्क उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, देशीचं प्रूफ लिटरला (मद्यार्काच्या तीव्रतेवर मोजलेल्या लिटरला) १८० वरून २०५ रुपये केलं, आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा धान्याच्या दारूचा नवा वर्ग तयार केला. तो फक्त राज्यातले उत्पादक बनवू शकतील. या सगळ्यातून वर्षाला चौदा हजार कोटी जादा येतील असा सरकारचा अंदाज होता. मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत दारूचा एक अख्खा वर्ग जन्माला येऊ शकतो, तर लग्नापुरत्या मोहासाठी दोन ओळींचा नियम करायला कायद्याचा कुठलाच अडसर नाही. गोव्याने फेणीला २०१६ साली वारशाचं पेय ठरवलं. तीही गावच्या भट्टीवरच वाढली आहे.

तुमचं पुढचं वाक्य मला दिसतंय: मग सरकारने यातून पूर्ण अंग काढावं. नाही. जून २०१५मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती मोहाची नव्हती. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल गरिबांच्या ग्लासात ओतलं गेलं होतं. तिथे सरकारची ताकद लागते, पूर्ण लागते, आणि ती कमी पडली म्हणून माणसं मेली. पाच लिटर मोहाच्या मागे लागलेले हात मिथेनॉलच्या टँकरच्या मागे लागायला हवेत.

शिवाय माझ्या केबिनमध्ये बसलेल्या बायका मी विसरू शकत नाही. पोटगीच्या दहा केसेस आल्या तर सात-आठमध्ये नवरा पिणारा. त्यांच्यासमोर बसून "काय प्यायचं हा त्याचा वैयक्तिक प्रश्न" असं म्हणायची माझी हिंमत नाही. मजुरीचे पैसे दुकानात जातात तेव्हा पोराच्या ताटातला भात जातो. म्हणून 'घरातलं पिणं' आणि 'गावातलं दुकान' हे दोन प्रश्न मी वेगळे ठेवतो. पहिल्यात सरकारने नाक खुपसू नये. दुसऱ्यात गावाचं ऐकावं.

गावाचं ऐकण्याची सोय कायद्यात आहे, पण ती कशी केलीय बघा. २००८च्या आदेशाप्रमाणे महिलांनी मागणी केली की दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मी अशा एका मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारात उभा होतो. कडेवर पोर घेतलेल्या बायका सकाळी सातपासून रांगेत. दुपारी मोजणी झाली तेव्हा आडव्या बाटलीला उभीच्या कितीतरी पट मतं. तरी दुकान राहिलं. कारण दुकान बंद व्हायला झालेल्या मतांपैकी निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. वीटभट्टीवर गेलेल्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदणाऱ्या, पण यादीत नाव असलेल्या सगळ्या जणी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारख्याच झाल्या. आमदार, सरपंच या कसोटीवर निवडून येत नाहीत. दुकानाला मात्र हे संरक्षण आहे. महसुलाचा विचार कायद्यात कुठे लपलेला असतो ते दाखवा असं कुणी म्हटलं तर मी हाच नियम दाखवतो.

अनुसूचित क्षेत्रात आणखी एक मार्ग आहे. १९९६च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालायचा किंवा नियमन करायचा अधिकार ग्रामसभेपर्यंत नेलाय. राज्याचे पेसा नियम २०१४चे. माझ्या अनुभवात गावं हा अधिकार दुकान नाकारायला वापरतात, पण 'नियमन' या शब्दाकडे कुणी बघत नाही. लग्नाला, देवकार्याला किती गाळायची, विकायची नाही, पोरांना द्यायची नाही, हे पाड्याने ठरवणं म्हणजे नियमनच. अशा ठरावाने राज्याचा कायदा आपोआप बाजूला सरत नाही, हे आधीच सांगतो. पण गावाचा ठराव, लग्नाची पत्रिका आणि धवलेरीची साक्ष कोर्टासमोर आली, की पंचनाम्यातलं 'आर्थिक फायद्याकरिता' हे छापील वाक्य उघडं पडतं. विक्रीचा मुद्दा गळून पडला, तर शिक्षेच्या वेळी न्यायाधीशांपुढे वेगळा माणूस उभा राहतो.

माझ्या हातात असतं तर मी तीन बदल केले असते. घरच्या आणि धार्मिक वापरापुरती मोहाची दारू गुन्ह्यातून काढली असती, लिटरची मर्यादा घालून आणि विक्रीवरची बंदी कायम ठेवून. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाचं साधं बहुमत पुरेसं केलं असतं. आणि पुराव्याचा भार उलटवणारी तरतूद काढली असती. आज रक्तात अल्कोहोल ०.०५ टक्के किंवा जास्त निघालं की ते औषधातून आलं हे आरोपीने सिद्ध करायचं. खून-दरोड्याच्या आरोपीला जो निर्दोषतेचा आधार मिळतो, तो पिणाऱ्या गरिबाला कमी मिळतो. या तिन्ही बदलांनी तिजोरीचं फारसं बिघडणार नाही, फक्त दुसऱ्या बदलाने थोडं बिघडेल. अडलंय ते तिथेच, असं माझं मत आहे. बाकीच्या दोन बदलांना विरोध करणारं कुणी नाही, पण त्यासाठी मंत्रालयात चकरा मारणारंही कुणी नाही.

मामांकडून चार गोष्टी मागवून घ्या: एफआयआरची नक्कल, आरोपपत्र आलं असेल तर ते, सी.ए. रिपोर्ट, आणि लग्नाची पत्रिका. पत्रिकेवरची तारीख आणि छाप्याची तारीख किती दिवसांच्या अंतराने आहे ते आधी बघा. त्या दोघा पंचांची नावं याआधी त्याच पोलीस ठाण्याच्या कुठल्या पंचनाम्यांवर आहेत ते कोर्टाच्या जुन्या निकालपत्रांत शोधायला वकिलांना सांगा. आणि मामांना बजावून ठेवा, बाकड्यावरचा माणूस काहीही सांगो, वकील बोलल्याशिवाय 'गुन्हा कबूल' हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत.